केशरी कुठल्या बाजूला

१४ सप्टें., सोम.

आधी क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

१. गावात ज्या ज्या देशांची माणसं राहतात, त्या सगळ्यांचे झेंडे शनिवारी राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोर, चढणार. आपला चढवायला नगरपालिकेने बाबांना बोलावलंय.
२. आज सकाळी तालीम म्हणून झेंडे लावून पाहिले.
३. आपला इथल्या जर्मन पद्धतीने वरच्या आडव्या दांडीला उभा लटकवला, म्हणजे पट्टे उभे. चौकातून पाहिलं तर केशरी उजवीकडे. तो डावीकडे हवा.
४. बाबा फिरायला निघाले होते. त्यांनी पाहिलं.
५. बाबा चढवणार नाहीत.

बाबा साताऱ्याला शाळेत पी.टी.चे सर होते. निवृत्त होईपर्यंत दर पंधरा ऑगस्टला दोरी त्यांच्याच हातात. इथे आल्यापासून कुणी त्यांना काही काम सांगितलं नव्हतं. हे पहिलंच. कोट इस्त्री करून दाराला लटकवलाय.

१५, मंगळ.

ऑफिसला जायच्या आधी राटहाउस. झेंड्यांचं खातं हेर (म्हणजे श्रीयुत) ब. यांच्याकडे. ऐकून घेतलं, मग मला खिडकीपाशी नेलं. तालमीचे झेंडे अजून बाहेरच.

"बघा, केशरी डावीकडेच आहे."

खिडकीतून दिसते ती झेंड्याची मागची बाजू. पातळ कापड, छपाई आरपार. म्हटलं, लोक चौकात उभे राहणार, तुमच्या खोलीत नाही. "हो, पण फोटो आमच्या बाल्कनीतून काढतात."

म्हटलं, मग उलटा फिरवा. "मग फोटोत चुकेल." गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं. उभा लावला की एका बाजूने चुकणारच. आडवा लावला तर दोन्हीकडून केशरी वर. एवढंच मागते आहे.

तर म्हणे सगळे उभे आहेत, एकच आडवा कसा. ग्लाइशबेहांडलुंग, सर्वांना समान वागणूक. म्हणजे सगळ्यांचं एकाच पद्धतीने चुकलं की झालं.

१६, बुध.

मुग्धाताईंचा फोन. मराठी मंडळाच्या अध्यक्षा.

"अगं सई, झेंडा दिसतोय ना? मग झालं! शनिवारच्या ढोलाची परवानगी कशीबशी मिळालीय. तू कोनमापक घेऊन त्यांच्या मागे लागू नकोस."

मी पोळ्या लाटत राहिले.

"आणि काकांना जमत नसेल तर आमचे हे चढवतील. त्यांना काय, कुठूनही चालतं."

हे बाबांना सांगितलं नाही. पण फोन स्पीकरवर होता.

जेवताना बाबा : "तू गाड्यांचे ब्रेक तपासतेस ना? मागून बघितलं तर बरोबर आहे, असं लिहून देतेस का?"

मी वरण वाढलं. मग ताटाकडे बघत : "तू जा शनिवारी. मी घरी थांबतो. भात लावून ठेवीन."

१७, गुरु.

वाचनालयापुढे एक साधा खांब आहे. वरची आडवी दांडी नाही, म्हणजे झेंडा आडवा चढेल, दोरी चांगली, चौकातून दिसतो. नगरपालिकेच्या कामगारांना विचारलं, शनिवारी मोकळा आहे. हेर ब. यांना फोन. "आल्झो, हे बघा, भारताला वेगळा खांब म्हणजे विशेष वागणूक." मग कुणाची परवानगी लागेल? "लेखी द्या." दोन वेळा तोंडी सांगून झालं तेव्हा काय लिहून घ्यायची शाई संपली होती?

घरी आले तर कोट दारावर नाही. कपाटात.

मेल. आधी मराठीत लिहिते. जर्मन करताना राग गाळता येईल.

"महोदय, गावातले भारतीय ओळखू यावेत म्हणून तुम्ही हा झेंडा लावता. ज्यांना चढवायला बोलावलंत, त्यांनाच तो असा मान्य नाही. तो आडवा लावावा. राटहाउससमोर जमत नसेल तर वाचनालयापुढच्या खांबावर. दोन्ही शक्य नसेल तर माझे वडील येणार नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायचं असल्यास आधी मला सांगावं. त्यांना ते चौकात कळू नये. कृपया शुक्रवार, १८ सप्टेंबर, दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवावं."