राजकन्येचा आवाज

९ नोव्हेंबर, रविवार
आयुष्य बदललं ते आज, संध्याकाळी सहा चाळीसला. ताईची मैत्रीण इरावती, बी-विंगवाली, घरी आली होती. मी तलवार-जादूगारवाला जुना इटालियन पिक्चर लावलेला. राक्षसाच्या पोशाखाची पाठीवरची चेन दिसली आणि ती इतकी हसली की माझ्या खांद्यावर हात ठेवला. अडीच सेकंद. कॉलेज मी कशासाठी सोडलं, ते आज कळलं.

११ नोव्हेंबर
प्लॅन तयार. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये हाच पिक्चर. इटालियन कुणाला कळत नाही, म्हणून माइकवर सगळे आवाज मी काढणार, मराठीत. राजकन्येचं नाव इरावती. दुष्ट जादूगाराचं सौरभ. (सी-विंग. सीए फायनल. तिला रोज बाइकवर विक्रोळीला ऑफिसात सोडतो.) मला तोंडावर बोलता येत नाही ते हिरो बोलेल. सेक्रेटरी विद्याधरकाका म्हणाले, हॉल घे, पण पिक्चर फॅमिलीवाला हवा. हिरोच्या अंगावर फक्त लंगोट आहे, हे सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर
जीव आहे आपला या पिक्चरवर. पुठ्ठ्याचा किल्ला हलतो, ड्रॅगनची दोरी दिसते, तरी हिरो मागे हटत नाही. ताईने विचारलं, शेवट तरी बघितलायस का. नाही. मध्येच झोप लागते. हिरोच जिंकणार, त्यात बघायचं काय?

१५ नोव्हेंबर, सकाळ
प्रॅक्टिसने आवाज बसला. हळद-दूध. ताई म्हणते, तिला सरळ विचार ना. ताईवरच खेकसलो. मग सॉरी म्हटलं. मनात.
इरावती हो म्हणाली की कॉलेज परत जॉइन. नाही म्हणणं शक्यच नाही.

१६ नोव्हेंबर, रात्री
हॉल फुल. पहिला तास झकास. "इरावती, तुझ्यासाठी सात डोंगर ओलांडले," म्हणालो तर टाळ्या. मग राजकन्या पिंजऱ्यातून सुटली आणि धावत जाऊन जादूगाराच्या गळ्यात पडली. वाट लागली. घाईघाईत म्हणालो, सौरभने हिला भूल घातलीय. सगळे हसले. मी ओरडलो, हसायचं असेल त्याने घरी जा. इरावती उठली. माझ्या हातातून माइक घेतला. पडद्यावर राजकन्या बोलत होती, तिच्या ओठांवर बरोबर बसवून म्हणाली, "मी इथे माझ्या मर्जीने आले. मला सोडवायला तुला कुणी सांगितलं?" मग माइक खाली करून, फक्त मला, "हे मी म्हणतेय रे. ती नाही."
जादूगाराचा आवाज मग सौरभने दिला. माझ्यापेक्षा बरा.
मी निघालो. कुणीतरी अडवेल म्हणून जरा सावकाश. दाराशी विद्याधरकाकांनी हाक मारली. थांबलो.
"दार लावून घे रे, एसी चालू आहे."
लावलं.