दुहेरी कापडाचा खुलासा कोणी करावा

प्रति,
मा. अधीक्षक,
हातमाग प्रयोग विभाग.

विषय : माग क्रमांक सातवरील कापडाबाबत विणकर बाईंनी समक्ष येऊन खुलासा करण्याबाबत.
संदर्भ : आपली चौथी नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही सदर विणकर बाईंची धाकटी बहीण असून त्याच मागावर मदतनीस आहे. ताई, म्हणजे सदर विणकर, नऊ फेब्रुवारीला हृदयविकाराने वारल्या. हे अर्जदाराने तीनदा लेखी कळविले आहे. तरी चौथ्या नोटिशीत "गैरहजेरीचे कारण समाधानकारक नाही" असे नमूद आहे. अर्जदारासही ते समाधानकारक वाटत नाही, परंतु दुसरे कारण उपलब्ध नाही.

२. ताई एकाच मागावर, एकावर एक, असे दोन थर एकदम विणत होत्या. थर एका काठाला जोडलेले. उतरवून उलगडले की मागाच्या दुप्पट रुंदीचे, बिनशिवणीचे पांघरूण व्हावे. खालचा थर विणताना दिसत नाही. पायाखालची एक पावडी चुकली की दोन्ही थर एकमेकांत अडकतात. म्हणून अर्जदार मागाखाली आरसा धरून बसे आणि ताई वरून विचारीत, "सुटं आहे ना गं?" सहा वेळा ते सुटे नव्हते. सहाही वेळा ताईंनी उकलून पुन्हा विणले.

३. सातव्या वेळी निम्मे झाल्यावर ताई गेल्या. पावड्यांचा क्रम कुठे लिहिलेला नव्हता. मात्र आठ महिने मागाखाली बसल्याने ताईंचे पाय अर्जदारास पाठ होते. त्यावरून तिने उरलेले विणले. थरांमध्ये हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. कापड सुटे आहे. यावर आनंद वगैरे झाला नाही. अर्जदार घरी जाऊन जेवली.

४. तपासनीस साहेबांनी कापड मागावर असतानाच वरून माप घेतले व "अर्ध्याच रुंदीचं आहे, ज्यांनी विणलं त्यांनाच बोलवा" असे सांगितले. मृत्यूचा दाखला दिला असता लिपिक म्हणाले, "हा आमच्या रकान्यात बसत नाही, रजेचा अर्ज आणा." तो सोबत जोडला आहे. रजा किती दिवसांची, ही जागा कोरी सोडली आहे.

५. तरी खुलासा अर्जदाराकडून घ्यावा. ते नियमात नसल्यास माग दुसऱ्या कोणास द्यावा, हरकत नाही. फक्त ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कापून कापड उतरविण्याच्या दिवशी अर्जदारास बोलवावे. एकाने कापायचे असते आणि एकाने कापड खाली पडू न देता धरायचे असते. धरण्याचे काम अर्जदाराचे आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
धाकटी बहीण, मदतनीस, माग क्रमांक सात
दिनांक : १७ मे