बंद बोर्डावरची ओळ

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.
आज दुपारी सव्वातीनला माझं आयुष्य बदललं. कोन गावच्या मैदानावर मॅच चालू असताना दिपिका बाजूने गेली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षांचं प्रेम (माझं). पुढच्याच बॉलला कॅच सुटला. मन जाग्यावर नसलं की सुटणारच. कॅप्टन कल्पेश म्हणाला, कॅचचं सोड रे, बॉल कानाजवळून गेला तरी तू हललास नाय! टोपी त्याच्या अंगावर फेकून आलो.
ठराव: दिपिकाशी कायमचा अबोला. बी.कॉम. परत सुरू.

६ जानेवारी.
बहीण कीर्ती म्हणते, दिपिका तुझ्या डाव्या बाजूला दोन्ही हात हलवत उभी होती, तूच बघितलं नाय. खोटं. मैत्रिणीची बाजू घेते.
स्कूटी गेटच्या खांबाला घासली. खांब बांधतानाच बाहेर आलाय. बाबांना सुनावलं.

९ जानेवारी.
टीमची लाल जर्सी डाव्या डोळ्याने विटकरी दिसते. उजव्याने लाल. आईने धुण्यात वाट लावली. आई म्हणे, मेल्या, अजून पान्यात घातलीच नाय.

१२ जानेवारी.
अबोला संपवला. दिपिका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला आहे, तिथेच गेलो. इम्प्रेशन पाडायचं म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाने वाचलेली शेवटची ओळ पाठ करून ठेवली. उजवा डोळा झाकून धडाधड म्हटली. दिपिका बघतच राहिली. पटली!
संध्याकाळी कीर्तीला तिचा फोन. म्हणे, तेव्हा बोर्डाचा लाइट बंद केला होता.

१९ जानेवारी.
कीर्तीने ओढून डॉक्टरकडे नेलं. एमआरआय झाला. डाव्या डोळ्यामागे गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, साधी आहे, कॅन्सर नाही, पण डोळ्याची नस दाबतेय. या आठवड्यात ऑपरेशन करा. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली वाचवू. आई रडली. घाबरट. ‘साधी’ म्हणाले ना! आधी रविवारची फायनल, मग दिपिकाला विचारणार, मग बघू.

२५ जानेवारी, रविवार.
शून्यावर आउट. फ्लडलाइट बोगस. मॅच सकाळी अकराला होती, तरी.
दिपिकाला विचारलं. म्हणाली, केतन, माझं लग्न जमलंय, शिरढोणला. त्या दिवशी मैदानावर तेच सांगायला हात करत होते. मग म्हणाली, आता उजवा डोळा झाक आणि माझ्याकडे बघ.
झाकला. आवाज येत होता. ती नव्हती.

२७ जानेवारी. सकाळी ८, रिक्षात.
अ‍ॅडमिट व्हायला निघालो. अक्षर रिक्षामुळे असं. निघताना दार असं आपटणार होतो की आळीभर ऐकू गेलं पाहिजे. बाहेर आलो, तर कडी हाताला लागेना. आई धरायला आली, तिच्यावर ओरडलो. चाचपत सापडली. हळूच लावलं.