मंगळावरच्या नदीचा बाण

३ फेब्रुवारी, नांदेड

स्वीकारला! मंगळावरच्या कोरड्या नदीवरचा माझा पेपर. एकोणीस वर्षं भूगोल शिकवते, हा पहिलाच. तीन वर्षं कॉलेजातून आले की यानानं वरून काढलेले फोटो बघत बसायची — एक मुख्य नदी, तिला मिळणारे एकसष्ट ओढे. स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. जास्त झालं का? चौथ्यांदा आमचे प्राचार्य, दयानंद सर, यांनीच सांगितलं. सोळाला सत्कार.

७ फेब्रुवारी

आई भोकरहून आली. भिंतीवरचा त्या नदीचा नकाशा दाखवला, वाहण्याची दिशा बाणानं काढलेली. चष्मा पुसून बराच वेळ बघत होती. रोजगार हमीवर तिनं आयुष्यभर नाल्यांना बांध घातले. मग बोट ठेवून म्हणाली, "बाई, ओढे असे तिरपे येऊन मिळून राहिले, म्हंजे पाणी इकडं चाललं. तुझा बाण उलटा हाय."

मी हसले. हसायला नको होतं.

८ फेब्रुवारी

उलटाच आहे. एकूण एक ओढ्याच्या उंचीचे आकडे तपासले होते — मुख्य नदीचे नाहीत! दिशा उघडच वाटली. आपल्याकडचं पाणी गोदावरीला मिळून पूर्वेला जातं, म्हणून तिथलंही पूर्वेला. वर्गात मुलांना बजावते, काही गृहीत धरू नका.

९ फेब्रुवारी

कळवलं तर पेपर जाईल. नाही कळवलं तर? पेपर तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांना दिसलं नाही, आता कुणाला दिसणार? दयानंद सरांचंही तेच — "मॅडम, मंगळावर जाऊन कोण बघणार हाय?" शाल आणून ठेवलीय म्हणे.

संध्याकाळी जर्नलच्या संपादकांना मेल केला. छापू नका, चूक माझी. एवढंच तीनदा लिहून खोडलं. चूक कुणी दाखवली तेही लिहिलं — माझी आई, सरजाबाई, नाल्याच्या कामावरची मजूर. ते वाक्य मात्र एकदाच लिहिलं.

१० फेब्रुवारी

सत्कार रद्द. आई म्हणते, बरं झालं, उलट्या नदीची शाल कुठं पांघरली असतीस?

१३ फेब्रुवारी

संपादकांचं उत्तर. पेपर थांबवलाय. खाली एकच प्रश्न — पाणी पश्चिमेला वाहिलं, तर जाऊन थांबलं कुठं?

१५ फेब्रुवारी

पश्चिम टोकाला एक मोठं विवर आहे. उगमाकडचा खड्डा समजून मी ते सोडून दिलं होतं. आज आत पाहिलं. नदी शिरते त्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला गाळ, थरावर थर.

तिथं तळं होतं.