आबांच्या पिंडाला कावळा

अ‍ॅमस्टेलव्हीन, ८ मे २०२१

ती. रूपालीताईस,
जयेशचा सा. न. वि. वि.

फोनवर आई रडते आणि मला शिव्याच सुचतात, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. आबा तालुक्याच्या दवाखान्यातून कोरोना घेऊन आले म्हणून सख्ख्या भावानं काठीनं डोकं फोडायचं? विश्वासकाका आज कोठडीत आहे, उद्या सुटेलच. इकडं भारताची विमानं बंद. मी हॉटेलात पार्सलसाठी बोकड तोडतो, तर प्रत्येक घावाला काकाचं मुंडकं दिसतं. काल सुरा फळीत असा रुतला की मालक म्हणाला, बाबा, घरी जा.

दहाव्याला कावळा शिवला नाही तर मोठ्यानं सांग, जयेश काकाला उभा चिरणार. आबांचा जीव त्यातच अडकला असणार. लगेच शिवेल बघ.

आईला जप. माझ्यावरची माया आटू देऊ नको.
तुझा जयेश

वाई, १३ मे २०२१

चि. जयेशला अ. आ.

एवढा खवळतोस, लहानपणी कोंबडी कापताना बघून पळायचास! तुझ्या माघारी अग्नी मीच दिला, दहावाही मीच केला. नीळकंठ गुरुजींनी मास्कमधूनच मंत्र म्हटले. नदीकाठी पिंड मांडला, झाडावर कावळे ढीगभर, पण खाली एक येईना. गुरुजी म्हणाले, मंत्र माझे, शब्द मात्र घरच्यांनी द्यायचा. तुझं म्हणणं ओरडून सांगितलं, तर होते तेही उडून पलीकडच्या काठावर गेले. आईला उन्हात भोवळ आली. शेवटी माझ्याच तोंडून निघालं की आबा, जयेश काकाच्या अंगाला हात लावणार नाही. हात जोडतेय तोवर एक कावळा उतरला, पिंडाला चोच मारली.

शब्द तुझ्या नावानं गेलाय. मोडलास तर आबा पुन्हा लटकतील.

वेळेवर जेव. आम्हांला विसरू नको.
तुझी ताई

अ‍ॅमस्टेलव्हीन, २० मे २०२१

ती. ताईस सा. न.

तुझं वाचून फ्रीजच्या दारावर ठोसा घातला. बोटं सुजलीत. माझ्या नावानं शब्द द्यायला तुला कुणी सांगितलं होतं? तुझ्यावरच्या रागानं कालव्याच्या काठी मीच भाताचा पिंड ठेवला, ओरडलो, आबा, काकाला मारणार! कावळे, बदकं, सगळी तुटून पडली. नाचलोच मी. मग काय मनात आलं, परत ठेवला आणि म्हणालो, मारणार नाही. तोही फस्त. नंतर ठेवला तेव्हा काहीच बोललो नाही. तोही गेला.

ही पाखरं कशालाही हो म्हणतात गं. आपला कावळा आधी नाही म्हणाला.

सुरा मालकाला परत दिला, आता भांडी घासतो. विमानं सुरू झाली की येतो. काकाच्या दारावरून जाताना हात खिशात ठेवीन. तू मात्र माझा दंड घट्ट धरून चाल.

जयेश