शेताचं माप डोंगराला

आबा, डोंगराबद्दल लिहितो आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो गावाचा होता. आता गाव महापालिकेत आहे आणि डोंगराला टेकडी म्हणतात. उंची तेवढीच आहे. पायथ्याच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, आपलं खालचं वावरही त्यातच गेलं. आळीत चार गोठे उरलेत, त्यांतला एक आपला. माझ्याकडे दोन गाई आहेत. पोट मात्र मोटारपंपांच्या दुरुस्तीवर चालतं, दुकान स्वारगेटजवळ आहे. ते काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. गवताचंही तसंच. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक पुस्तक आणायचं, डोंगरावर जाऊन पडताळायचं, चुकलं तर पुन्हा वाचायचं. मारवेल कुठला, पवन्या कुठला आणि नुसतं कुसळ कुठलं, हे मी आज वाळलेल्या काडीवरून सांगतो. तुम्ही या सगळ्याला चारा म्हणायचात.

एक सकाळ आठवते. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात आणि दाराशी धनगर उभा आहे. मेंढरं बसवायची बोलणी चालली आहेत. कापणी झालेल्या वावरात रात्री कळप बसवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरू द्यायचं, बदल्यात धनगराला धान्य घालायचं, ही दर वर्षाची रीत. तुम्ही म्हणता, "तीन राती बसव. एका रातीत काय व्हतंय? जमिनीला वास बी लागत न्हाय." तो म्हणतो, "बसवतो की मालक. पर दिसा जरा डोंगरावर चारू द्या." त्यावर तुमचा आवाज चढतो. "डोंगराला पाय लावलास तर तंगडी मोडीन. मेंढरू मुळासकट खातंय." मी शाळेच्या वयाचा. विचारतो, वावरात खत घालणारं आणि डोंगरावर मूळ खाणारं मेंढरू एकच ना? आई तोंड चुलीकडे वळवते. तिचे खांदे हलतात. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "लई शाना झाला. भाकरी गिळ."

भाकरी गिळली. प्रश्न मात्र तसाच राहिला. आपली गुरं बारा महिने त्याच डोंगरावर सोडलेली असायची. गवताला कोवळा फुटवा आला की त्यांचं तोंड पुन्हा त्याच बुडख्यावर. गवताला उसंत अशी नव्हतीच. पश्चिमेचा उतार उघडा पडला तो आपल्या गुरांनी. धनगराच्या मेंढरांचा त्यात काही संबंध नाही, त्यांना तर तुम्ही दगड मारून हाकलत होता. हे मी रागानं लिहीत नाही. जे झालं ते असं झालं, इतकंच.

आता तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची समिती आहे. पूर्वेच्या उतारावर त्यांनी रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली: 'येथे जनावरे चारू नयेत. वाचता येत नसल्यास वाचता येणाऱ्यास विचारावे.' गवत कमरेएवढं झालं, कुणी खाल्लं नाही, उभ्याउभ्या वाळलं आणि उन्हाळ्यात पेटलं. रोपं त्यातच गेली. त्यावर समितीनं ठरवलं की उरलेला डोंगरही जनावरांना कायमचा बंद करायचा. म्हणजे चारही गोठे संपले. विकतच्या चाऱ्यावर इथे कुणाला जनावर परवडत नाही. मी अध्यक्षांकडे गेलो. निवृत्त बँक अधिकारी, हातात काठी, बोलणं मोजकं. मी म्हणालो, "अहो, आपण चराई बंद केलीत म्हणूनच एवढं जळण साठलं. खाणारं तोंड हवं, पण खाऊन झालं की ते तिथून हलायलाही हवं."

"आपलं शिक्षण?"

"दहावी."

"कृषी विषयात?"

"नाही. दहावीत."

ते हसले नाहीत, पण बसा म्हणाले. शेवटी एक पावसाळा मिळाला. पश्चिमेचा उघडा उतार माझ्याकडे. दसऱ्याच्या सुमारास ते बघायला येणार. फरक दिसला नाही तर सगळ्या डोंगराला कुंपण.

माझा विचार साधा होता. तो उतार वरून इतका घट्ट झाला होता की पाणी मुरत नव्हतं, बी रुजत नव्हतं. नांगर तिथे चालत नाही. खूर चालतो. जेठात कोकणातून परतणारा एक कळप मी रस्त्यात गाठला. कळपाची धनीण माझ्याच वयाची, नवरा तिच्या मागे दोन पावलं. मेंढरं डोंगरावर बसवायची आहेत म्हटल्यावर ती थांबली.

"हितं काय पेरनार हायसा?"

"काही नाही."

"मंग खत कुनाला?"

"डोंगराला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "पुन्याची मानसं," एवढंच म्हणाली आणि खांद्यावरचं जाळं उतरवायला लागली.

दिवसा मेंढरं डोंगराच्या न जळलेल्या अंगाचं वाळकं गवत खायची, रात्री उघड्या उतारावर जाळ्याच्या वाघरीत बसायची. सकाळी वाघर उचलून पुढच्या तुकड्यावर लावायची, एका जागी एकच रात्र. पुस्तकांत तसंच होतं. वरचा अर्धा उतार तसा झाला. पण रोज सकाळी मी लेंड्यांचा थर बघायचो आणि तो मला विरळ वाटायचा. एका रातीत काय व्हतंय? खालच्या अर्ध्यावर मी सांगितलं, तीन तीन राती बसवा. बाई म्हणाल्या, "तुमचा डोंगर, तुमचं माप." माप तुमचं होतं आबा, आणि ते शेताचं होतं. शेतात खत नांगरानं खाली जातं, वर पेरलेलं पीक ते उचलतं. डोंगरावर ते वरच राहतं, आणि त्याचा फायदा सगळ्यांत आधी तण घेतं. हे मला आता लिहिता येतं.

नवरात्रात अध्यक्ष आले. खालून वर चढायचं असल्यामुळे आधी खालचा अर्धा लागला. तिथे गुडघाभर टाकळा.

"आपण गवत म्हणाला होतात. ही तर भाजी आली."

"टाकळा आहे."

"तेच म्हणतोय. आमच्याकडे लसूण घालून करतात."

"इथे खत जास्त झालं. माप चुकलं."

"कुणाचं माप?"

"घरचं."

आम्ही वर गेलो. वरच्या अर्ध्यावर गवत होतं. दाट नव्हे, पण प्रत्येक खुराच्या खळग्यात एकेक रोप धरलेलं, बरंचसं मारवेल. शेजारी मुद्दाम तसाच सोडलेला एक पट्टा होता, त्यावर अध्यक्षांनी काठी आपटली. टक्. मग मेंढरं बसलेल्या जागी आपटली. काठी आत गेली. त्यांनी ती उपसली, पुसली, आणखी दोन ठिकाणी रोवून पाहिली. "पुढच्या पावसाआधी पुन्हा करा," म्हणाले, "भाजी वगळून. आणि मेंढरं आली नाहीत, तर मात्र कुंपण."

दिवाळीनंतर कळपवाल्या बाईंचा फोन आला. "दादा, आवंदा आमी येत न्हाय. गुडघं गेलं. पोरगं पार्सल वाटतंय गाडीवर, त्याला मेंढरं नगंत. इकून टाकतोय." मी दुसरे कळप शोधले. मोठे रस्ते झाल्यापासून या बाजूनं कुणी येत नाही. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग तुमीच घ्या की थोडी. वळायला चार दिस माज्यासंगं फिरा, जमंल." जागेचा हिशेब मी मांडला: गोठ्यामागे मावतील. चारा डोंगर देईल. बाकीचे तिघे गोठेवाले हातभार लावायला तयार आहेत. अडतं ते एकाच ठिकाणी. मला मेंढरं वळता येत नाहीत. पुढचं कोणतं चाललं की मागची चालतात, कुठली हाक दिली की कळप थांबतो, बसायच्या आधी ती काय करतात, हे मी शोधलं. एकाही पुस्तकात धड सापडलं नाही.

उद्या व्यापारी त्यांचा कळप बघायला येणार आहे. दुपारपासून दुकानात गिऱ्हाईक नाही आणि फोन समोर आहे. म्हणायचं वाक्य दोनच शब्दांचं आहे: मला शिकवा. ते मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. फोन करायचा राहावा, म्हणून लिहीत बसलो.