फलाटाच्या टोकाचा बाक

१ एप्रिल
कामेशिमा या भुयारी स्थानकात रुजू झालो. माणसाची जमिनीखाली बदली एकदाच होते असं ऐकून होतो. माझी निवृत्तीआधीच झाली. स्थानक मात्र झकास. जिन्याच्या तोंडाशी टोफूचं दुकान, शेजारी सार्वजनिक न्हाणीघर, त्यामुळे खाली उतरणारी निम्मी माणसं स्वच्छ धुतलेली. माझी बायको चिझुरू असती तर म्हणाली असती, बघून शिका काही. ती जाऊन वर्ष होईल. तिच्यासारखे भाताचे गोळे मला वळता येत नाहीत. आत खारवलेलं आलुबुखार ती बीसकट घालायची, आणि माझा दात वाजला की हसायची.

४ एप्रिल
वरिष्ठ नागात्सुका-सान यांनी काम समजावलं. काम जुनंच: गाडी सोडण्याआधी शेवटच्या डब्यामागे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "कोणी नाही." त्याशिवाय गाडी हलत नाही. फक्त तिथल्या बाकावर ओळखीचं माणूस दिसलं तरी हेच म्हणायचं, म्हणाले. मी म्हणालो, सासुरवाडीचं असलं तर आनंदाने म्हणेन. ते हसले नाहीत.

९ एप्रिल
बाकावर चिझुरू होती. तपकिरी कोट, शेजारी पिशवी. भर सकाळची वेळ, शाळेची पोरं गाडीत चढत होती. माझा हात आपसूक उठला, तोंड आपसूक बोललं: कोणी नाही. सवयीला लाज नसते. गाडी गेली, बाक रिकामा.

१२ एप्रिल
रोज येते. रोज म्हणतो. आज जेवणाचा डबा उघडला आणि आठवेना, ती भातात काय घालायची.

१५ एप्रिल
नागात्सुका-सान चहा पिताना बोलले. त्यांना तिथे आई दिसायची. म्हणत राहिले, कोणी नाही. आता बाक रिकामा दिसतो, आणि घरातल्या फोटोतली म्हातारी कोण, ते बहिणीला विचारावं लागतं. मी म्हणालो, आणि म्हटलंच नाही तर? तुझ्या आधीच्याने नाही म्हटलं तसं, ते म्हणाले, उठला आणि बाकावर जाऊन बसला. मग? मग काय, तुझी बदली झाली.

१९ एप्रिल
तिचं हसणं गेलं. ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. आज गप्प राहायचं ठरवलं होतं. पण गाडी भरलेली, चालक वाकून बघतोय, सगळा डबा माझ्या तोंडाकडे — म्हणालो.

२३ एप्रिल
घरच्या देव्हाऱ्यात एका बाईचा फोटो आहे. तिच्यापुढे रोज कोणीतरी भात ठेवतं. मीच असणार.

२४ एप्रिल
बाकावर एक बाई. म्हणालो नाही. गाडी खोळंबलीय — नागात्सुका-सान मागून हाका मारताहेत —

जाऊन बसलो. तिने पिशवी सरकवून जागा दिली. परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने विचारलं, कुणाची वाट बघताय. म्हणालो, बायकोची. नाव काय त्यांचं, म्हणाली. मी म्हणालो —